काशिनाथकाका आणि नवाबसाहेब

येलदरीच्या आमच्या कॉलनीत छताचे पंखे आले, त्याच उन्हाळ्यात काशिनाथकाकांनी आपला पंखा उतरवून खाटेखाली सारला आणि त्याच्या हुकाला पामचं रोप टांगलं.

काका धरणाच्या दरवाजांना ग्रीस लावायचे. माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे. बदली झालेल्या साहेबांच्या बंगल्यामागं, फुटक्या कुंडीत त्यांना हे वीतभर रोप सापडलं. दुसऱ्या कुणी नवी कुंडी आणली असती. काकांनी मुळांभोवती चिखलाचा गोळा थापला, धरणाच्या ओल्या भिंतीवरचं शेवाळ काढून त्यावर लपेटलं आणि वरून सुतळी आवळली. डोक्यावर पानांचा तुरा घेऊन हिरवा लाडू हवेत तरंगायला लागला!

"ह्याला जमीन नगं, कुंडी नगं, ऊन तर बिलकुल नगं. नवाब न्हाई तर काय?"

रोज सकाळी ओट्यावर नवाबसाहेबांना तळहातावर तोलायचं. "हलके लागायलेत. हुजूर तहानले!" की लगेच बादलीत डुबकी. बुडबुडे निघाले की काका ओठांवर बोट ठेवून आम्हालाही गप्प करायचे. "श्श! नवाब प्यायलाय." मग धोतराच्या ओल्या सोग्यानं पान न् पान पुसायचं. स्वतः मात्र घामानं निथळत वर्तमानपत्रानं वारा घ्यायचे.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न पिंगळीला होतं. मी बोलवायला गेलो, तर म्हणाले, "आमी दोघं येऊ, मास्तर."

दोघं आले. एसटीत काकांच्या मांडीवर ओलं पोतं, आणि पोत्यातलं पाणी शेजारी बसलेल्या एका पाटलांच्या परीटघडीच्या धोतरावर.

"ह्याचं तिकीट?" कंडक्टरनं विचारलं.

"मांडीवरल्या लेकराचं तिकीट घेता का तुमी?"

"लेकरू हाय का हे?"

"मग! अजून दात बी आले न्हाईत."

"लेकरूच हाय," पाटील ओरडले. "कवापासून माझ्यावर मुतायलंय!"

अख्खी गाडी परभणीपर्यंत हसत होती.

मांडवात काकांनी नवाबसाहेबांना सावलीतल्या खांबाला लटकावलं. मंगलाष्टकं ऐन रंगात आली आणि मागून आरोळी उठली, "नवाब खाल्लाऽऽ!"

शेळी पुढं, काका मागं. शेळी थेट अंतरपाटाखालून घुसली. अंतरपाट धरणाऱ्यांनी घाबरून तो सोडला. बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी धडाक्यात वाजवायला सुरुवात केली. भटजी हात वर करून "थांबा, थांबा" म्हणतायत आणि नवरा-नवरी एकमेकांकडं बघून पोट धरून हसतायत!

शेळी सापडली, पण पानं गेली होती. परतीच्या गाडीत काका नुसता गोळा मांडीवर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. ते गोळ्याला नवी सुतळी गुंडाळत होते.

"शेंडा शाबूत आहे काका. फुटेल."

"फुटंल," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "मास्तर, आत बसता का? चहा टाकतो."

आमच्या गप्पा नेहमी ओट्यावरच व्हायच्या. मी पहिल्यांदाच आत बसलो. घरात कप एकच होता. तो त्यांनी मला दिला आणि स्वतःचा चहा तांब्यात ओतला. माझा चहा संपला, तसा मी उठायला लागलो.

"बसा की थोडं," तांब्यावर हलकी फुंकर घालत काका म्हणाले. "माझा गरम हाय अजून."

मी परत मांडी घातली.