पॅसेजमध्ये गाडी आहे

सासऱ्यांना खूश कसं ठेवावं, हे ज्या जावयांना कळत नाही त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावावी, असं मी परवापरवापर्यंत छाती पुढे काढून सांगत होतो. आता छाती आत घेतली आहे. का, ते ऐका.

माझे सासरे म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेलाईनचे शेवटचे स्टेशनमास्तर. त्या लाईनवर दिवसातून एकच मिक्स गाडी धावायची. पुढे मालाच्या वाघिणी, मागे माणसांचे दोन डबे. नोकरीला लागलो तेव्हा मी रोज तिनंच जायचो. काय गाडी होती महाराजा! एखाद्या कारकुनाला उशीर झाला, तर इंजिनाचा ड्रायव्हर शिटीवर शिटी मारून त्याला घरातून बाहेर काढायचा. दुधाच्या कॅनवर पत्त्यांचा डाव रंगायचा. धक्क्याला भोपळे गडगडत यायचे आणि ज्याच्या पायाशी थांबतील तो ते परत द्यायचा. मी तर स्टेशनमास्तरांची मुलगीच घेऊन आलो, ती मात्र परत दिली नाही!

मग लाईन बंद झाली. बाबा, म्हणजे सासरे, आमच्याकडे राहायला आले आणि तेव्हापासून अंथरुणावर झोपले नाहीत. खरंच सांगतो! खुर्चीत बसायचे, पायात बूट, अंगात पितळी बटणांचा कोट. डुलकी लागली तर लागली. आवाज आला की ताडकन जागे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गादी बदलून झाली. बायको रडकुंडीला यायची.

"अहो, मला दुसरं काही नको," ती म्हणायची. "बाबांना एकदा पाठ टेकून झोपलेलं बघू दे."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं या दोन शब्दांनी सुरू झाली आहेत.

माझा बेत असा. लाईनचं सामान एका भंगारवाल्याच्या गोदामात पडलं होतं. त्यात बाबांच्या स्टेशनातलं गोळ्याचं मशीन होतं, आणि शेजारच्या स्टेशनातलं त्याचं जोडीचं मशीनही. लाल रंगाची, माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी कपाटं. वर घंटा, पुढे सुई. यांचं काम साधं. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळांना सेक्शन म्हणतात. मागच्या स्टेशनात मशीनमधून निघालेला लोखंडी गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर सेक्शनमध्ये शिरत नाही, आणि तो गोळा पुढच्या स्टेशनाच्या मशीनमध्ये पडल्याशिवाय सेक्शन मोकळं होत नाही. तोवर दुसरी गाडी नाही, मास्तरांना सुट्टी नाही.

"घेऊनच जा साहेब," भंगारवाला म्हणाला. "दिवेलागणीनंतर या दोघांपाशी माझी माणसं थांबत नाहीत."

"का?"

"थांबत नाहीत," तो म्हणाला आणि वर टेम्पोही फुकट दिला! मी समजायला हवं होतं. भंगारवाला फुकट देतो तेव्हा माणसानं पळत सुटावं.

एक मशीन हॉलमध्ये ठेवलं, एक बाबांच्या खोलीत. मधे आमचा पॅसेज. बाहेरच्या दाराच्या बेलची वायर उरली होती, तिनं दोन्ही जोडली. इकडून मी घंटा वाजवीन, तिकडून बाबा वाजवतील, म्हातारा जीव रमेल, एवढाच विचार.

बाबांनी मशीन पाहिलं. सुई पाहिली. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"जावईबापू, ही सुई 'गाडी लाईनवर' दाखवतेय."

"जाम झालीय बाबा. गंज! तेल सोडतो."

"जाम नाही. शेवटच्या दिवशी शेजारच्या स्टेशनानं गाडी सुटल्याची घंटा दिली. मी ती घेतली. मग साहेबांचा फोन आला, लाईन बंद, कुलूप लावा, घरी जा. गाडी म्हणे त्यांनी मागच्या मागे ढकलत नेली. पण मला कुणी तशी घंटा दिली नाही. गोळा आला नाही." त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "म्हणजे गाडी अजून सेक्शनमध्ये आहे."

"कुठल्या सेक्शनमध्ये बाबा? रूळसुद्धा विकले!"

"सेक्शन म्हणजे रूळ नव्हे. दोन मशीनच्या मधे जे असतं ते सेक्शन." आणि त्यांनी शांतपणे आमच्या पॅसेजकडे बोट दाखवलं.

झालं! पॅसेज बंद! आता आमच्या घराची रचना ऐका, म्हणजे माझ्या हालांची कल्पना येईल. हॉल आणि स्वयंपाकघराला एकच गॅलरी, त्यामुळे तिथं जाता यायचं. बाबांचं ताट बायको स्वयंपाकघराच्या दारातून लांब हात करून द्यायची. त्यांच्या खोलीला त्यांचं वेगळं बाथरूम, मास्तरांची सोय स्टेशनातच! पण आमचं बाथरूम? बरोब्बर पॅसेजच्या मध्यावर! मी पाऊल टाकलं की पलीकडून लाल बावटा. शेवटी टॉवेल खांद्यावर टाकून मी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ लागलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इथपर्यंत नुसतं हसू होतं. मग एका संध्याकाळी हॉलमधली घंटा वाजली.

"बाबा घंटा वाजवतायत," मी म्हणालो.

"बाबा माझ्यासमोर, त्यांच्या दारात चहा पितायत," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

मी वायर उपटून हातात घेतली. घंटा परत वाजली. वायर माझ्या हातात, आणि घंटा वाजतेय! कपाटातले पेले किणकिणायला लागले. पॅसेजमधला बल्ब मंद झाला आणि दूर, फार दूर, आमच्या घरात मावणार नाही इतक्या दूर, काहीतरी धापा टाकत असल्यासारखं वाटलं.

"पाण्याचा पंप असेल," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

मग रोज दिवेलागणीला हेच व्हायला लागलं. शेवटी खालचे दातांचे डॉक्टर तणतणत वर आले. "रोज या वेळेला काय ओढता हो? पेशंटच्या तोंडात माझं यंत्र असतं! हात हलला तर भलताच दात यायचा!"

आता काहीतरी करणं भाग होतं. बाबा तर पहिली घंटा वाजल्यापासून खुर्चीतही बसेनात. दारात उभे, हातात कंदील, पाय सुजलेले. बायको माझ्याकडे बघायची ती नजर सांगण्यासारखी नाही. माणूस उभ्या उभ्या संपेल, आणि तो माझ्या हौसेपायी!

मग मला ती महान कल्पना सुचली. गाडी येत नाही ना? मग मीच गाडी होतो!

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"इंजिन, वाघिणी, डबे, गार्ड, सगळं मी! लेथवाल्याकडून हुबेहूब गोळा करून आणलाय. हॉलमधून निघायचं, पॅसेज पार करायचा, गोळा बाबांच्या हातात द्यायचा. गाडी पोचली, ड्यूटी संपली. तू स्वयंपाकघराचं दार लावून बस, नाहीतर मला हसू येईल."

दिवेलागणीला मी तोंडात शिटी, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात गोळा घेऊन सज्ज झालो. शिटी फुंकली. पलीकडे बाबांचा हिरवा कंदील दिसला. "झुक झुक झुक," करत मी निघालो. कोपरांनी इंजिनाच्या चाकांचे दांडेही करत होतो, उगीच काम अर्धवट नको.

मोजून चार ढांगांचा पॅसेज आमचा. मी चाललो, चाललो, आणि बाथरूमचं दारच येईना. हिरवा कंदील तेवढाच लांब. पायाखाली फरशी होती, पण बोटांना खडी टोचत होती. नाकात कोळशाचा वास आला, मग दुधाचा, मग ओल्या गोणपाटाचा. इतका ओळखीचा वास, की क्षणभर मला भीतीऐवजी बरंच वाटलं.

मी "झुक झुक" थांबवलं. ते थांबलं नाही.

ते माझ्या मागून येत होतं.

"जावईबापू!" बाबा ओरडले. त्यांच्या हातात आता लाल कंदील होता. "सेक्शनमध्ये गाडी आहे! बाजूला व्हा!"

पुढची शिटी माझी नव्हती. मानेवर गरम वाफ आली. मी जीव मुठीत धरून धावलो, भिंत चाचपडत, आणि एक दार हाताला लागलं त्यातून सरळ आत कोसळलो. आमचं बाथरूम! गोळा हातातून सुटला तो धप्पकन बादलीत.

दार लोटून मी नळाला घट्ट धरून बसलो. बाहेरून ती गेली. आधी जडशीळ वाघिणी, एकामागून एक. मग दाराखालच्या फटीतून पिवळे उजेड सरकत गेले, जसे खिडक्यांचे सरकतात. कॅन आपटल्याचा आवाज. कुणीतरी म्हणालं, "सरका हो जरा." कुणीतरी पत्ता आपटला आणि चारपाच जण हसले. ते हसू मी ओळखलं. मला रडू आलं. दार उघडून बघावं असं फार वाटलं, आणि उघडायचा धीर झाला नाही.

मग ब्रेक करकरले. शांतता.

मी बाहेर आलो तेव्हा पॅसेज चार ढांगांचाच होता. बाबा मशीनपाशी उभे होते. त्यांच्या हातात लोखंडी गोळा होता, काळा, तेलकट, अजून वाफाळणारा. त्यांनी तो मशीनमध्ये सोडला. आत काहीतरी खळ्ळकन वाजलं आणि कधीची जाम सुई सावकाश 'लाईन बंद'वर आली, म्हणजे सेक्शन मोकळं.

"उशिरा आली," बाबा म्हणाले. "पण आली."

त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला. बूट काढले. पलंगावर पाठ टेकली, डोळे मिटले आणि घोरायला लागले!

बायको दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून वाहत होते. "अहो, किती मनावर घेऊन केलंत! तो कॅनचा आवाज कसा काढलात? आणि हसणारी माणसं?"

"सराव," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फुकटचं श्रेय मी आजवर कधी परत केलेलं नाही.

"पुढच्या रविवारी ताईला बोलावते. तिलाही करून दाखवा!"

तेवढ्यात बाहेरच्या दारात डॉक्टर उभे दिसले. दार सताड उघडं. ते चक्क पांढऱ्या कोटात, मूठ पुढे करून.

"पाहुण्यांना काही शिस्त आहे की नाही? मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो, तर हे सगळे कॅन आणि गाठोडी घेऊन खाली उतरले. माझा कोट बघून प्रत्येकानं माझ्या हातात हे कोंबलं!" त्यांनी मूठ उघडली. पुठ्ठ्याची छोटी छोटी तिकिटं. आमच्या लाईनची!

माझी पाचावर धारण बसली होती, पण मी जुनी तिकिटं जमवतो, आणि संग्रह करणाऱ्याची जात वाईट. "ही मला द्याल?" मी विचारलं.

"घ्या! आणि त्या एकाला समज द्या. त्याच्याकडे तिकीट नव्हतं. मला बघितलं आणि जिन्यावरून उलटा वर पळाला."

"वर कुठे?"

"तुमच्याकडे!"

मी वळलो. बायको माझ्या शेजारी. बाबा पलंगावर घोरतायत. आणि पॅसेजच्या मध्यावर, मी आत्ताच उघडं टाकून आलेलं बाथरूमचं दार बंद होतं. आत दिवा होता. नळ सुटलेला होता.

"अहो," बायको माझा दंड धरून म्हणाली, "आत कोण आहे?"

मी हलकेच दार लोटून पाहिलं. आतून कडी.

आता मी इतकी वर्षं रेल्वेनं फिरलोय. विनातिकीट माणूस कुठं दडून बसतो आणि कधी बाहेर येतो, हे मला पाठ आहे. चेकर गेला की येतो. डॉक्टर मात्र खालच्या मजल्यावरच राहतात, ते जाणार कुठे?

बाबा रोज छान झोपतात. मी दाढी खाली डॉक्टरांकडे करतो.