जवाईबापू, उतरा ना गाडीतून!

शालिकराम भोयरांनी त्या रविवारी एवढंच ठरवलं होतं, की मोठी गाडी नुसती पाहायची. घ्यायची नाही. घ्यायची छोटीच; ती त्यांच्या बायकोने, कामिनीने, रंगासकट पक्की करून ठेवली होती. पण माणसाला उत्सुकता म्हणून काही असते की नाही? शालिकरामांना ती जरा जास्तच होती. कोराडीच्या कॉलनीत कोणाकडे नवा कूलर आला, तरी हे टेप घेऊन त्याची टाकी मोजून यायचे. (कूलर घ्यायचा नसे. नुसती माहिती.)

नागपूरच्या सदर भागातल्या शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारीच उभ्या होत्या. शालिकरामांनी टेप काढला. छोटीत मागे बसलं की गुडघे पुढच्या सीटला टेकायचे. मोठीत पाय पसरले तरी पुढची सीट लांबच. त्यांनी सीटच्या मधला हात टेकायचा दांडा खाली ओढला, त्यावर कोपर ठेवलं आणि मग काही ते तिथून हलेनात.

"साहेब लोक मागेच बसतात सर," सेल्समन केयूर म्हणाला.

झालं! जन्मभर ऑफिसात आवक-जावकचे शिक्के मारणाऱ्या माणसाला असं कोणी म्हणतं का हो? केयूर पुढे छोट्या गाडीच्या दारांबद्दल, कुलपांबद्दल बरंच काही सांगत होता, पण शालिकराम तोवर मोठीची डिक्की मोजायला गेले होते.

घरी आल्यावर कामिनीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"काय करून राहिले तुम्ही? मोठी घ्याची हाय का?"

"घेतो कोण वं? मी फक्त फरक समजून घेऊन राहिलो."

"फरक मी सांगतो ना," कामिनी म्हणाली. "एक आपल्या फाटकातून आत येते, एक येत नाही."

"काहून नाही येत? येते! आणून दाखवतो!"

पैज लागली. आत आली तर मोठी, नाही आली तर छोटी, आणि त्यानंतर टेप कपाटात.

पुढच्या रविवारी केयूर टेस्ट ड्राइव्हसाठी मोठी गाडी घेऊन दारात हजर. फाटकाच्या आत एका अंगाला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या अंगाला न्हाणीघराची, आणि मधल्या बोळीत आजवर फक्त स्कूटर राहिलेली. केयूर खाली उतरला आणि पुढे उभा राहून हातवारे करू लागला. "येऊ द्या, येऊ द्या!" शालिकरामांनी आरसे मिटले, पोट आत घेतलं (त्याचा गाडीला काही उपयोग नव्हता) आणि गाडी सरळ आत नेली. ना ओरखडा, ना धक्का!

"पाहिलं?" ते काच खाली करून ओरडले. "आली का नाही?"

"आली," कामिनी ओट्यावरून म्हणाली. "आता उतरा."

शालिकरामांनी दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि भिंतीला टेकलं. पलीकडचं दार ढकललं, ते न्हाणीघराला टेकलं. खिडकीतून निघावं म्हटलं, तर डोकं निघालं, खांदे निघाले, पुढे पोट. नागपूरचा मे महिना, खिडकीत अर्धा माणूस, आणि शेजारच्या शोभाताई वाळवणं सोडून कुंपणाशी येऊन उभ्या. लाज वाटली हो! ते पुन्हा आत सरकले आणि रिव्हर्स टाकायला गेले.

नेमका तेव्हाच फाटकाशी मालवाहू ऑटो थांबला. त्यातून वर्षाच्या गव्हाची पोती (रोख पैसे मोजून मागवलेली) उतरली आणि गाडीच्या बरोब्बर मागे रचली गेली. पाठोपाठ सासरे उतरले. पारशिवनीचे रुपरावमामाजी.

शालिकरामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. का, ते सांगायलाच हवं. त्यांच्या लग्नात दोस्तांनी त्यांना जीपमध्ये दाबून धरलं होतं. सासरा काही कबूल करत नाही तोवर नवरदेवाने उतरायचं नाही! दोस्त आपले सांगत होते, 'जीपचं दार अडकलं, दार अडकलं.' शेवटी मामाजींनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. तेव्हापासून पारशिवनीत शालिकराम म्हणजे 'घड्याळवाले जवाई'. तो डाग पुसायला बिचाऱ्याने काय नाही केलं! सासरचा साधा रुमालसुद्धा घेतला नाही. आणि आता धोंड्याचा महिना लागला होता, जावयाच्या मानाचा. मामाजी जेवणाचं आमंत्रण द्यायला स्वतः आले होते.

"जवाईबापू कुठी गेले वं बाई?"

"गाडीत हायेत," कामिनी म्हणाली.

मामाजींनी गाडी पाहिली. नवी, लांबलचक, चकाचक. मग आत स्टिअरिंग धरून बसलेला जावई पाहिला, आणि समोर सेल्समन. त्यांचा चेहरा पडला. भिंतीला पाठ घासत ते कसेबसे खिडकीपाशी आले.

"उतरा ना जवाईबापू."

"उतरता येत नाही मामाजी! दार अडकलं!"

मामाजींनी लांब श्वास सोडला. "तेव्हाई दारच अडकलं होतं."

"बाबा, खरंच अडकले ते!" कामिनी मागून ओरडली.

"तू नको त्याइची बाजू घेऊ बाई. मानाचा महिना हाय, समजते मले." मामाजींनी हात जोडले. "गाडी नाही झेपत आपल्याले. चांदीचा गडू देतो."

"नाही नाही मामाजी! मले काहीच नको!"

"तेव्हाई आधी नाहीच म्हणत होते तुम्ही. बरं, गडू राहू द्या. या गाडीचे सीट कव्हर माझ्याकडून. झालं?"

इथे शालिकराम गप्प बसले असते, तर सगळं निस्तरलं असतं. पण स्वभाव!

"लेदरचे का?" त्यांच्या तोंडून निसटलं. (आईशपथ सांगतो, नुसती उत्सुकता होती!)

कामिनीने कपाळाला हात लावला. शोभाताईंनी कुंपणावरूनच आत आपल्या घरात बातमी दिली. मामाजी मागे सरकले, केयूरच्या मदतीने पोती हलवली, आणि मोठी गाडी कण्हत कुंथत बाहेर आली.

"छोटी असती," कामिनी म्हणाली, "तर सीट पाडून डिक्कीच्या दारातून तरी निघाले असते तुम्ही. मोठीची डिक्की तं आतून बंद."

या एका फरकावर शालिकरामांनी टेप कपाटात ठेवला. छोटी आली.

धोंड्याच्या जेवणाला ते तिच्यातूनच पारशिवनीला निघाले. गाडी कामिनी चालवत होती. शालिकराम मागे बसले होते, कारण साहेब लोक मागेच बसतात, मग गुडघे हनुवटीला का टेकेनात. मनाशी एकच निश्चय होता. गाडी थांबली रे थांबली, की मामाजींनी हात जोडायच्या आत खाली उडी मारायची. काही घ्यायचं नाही, काही विचारायचं नाही. डाग पुसायचाच!

गाडी थांबली. अंगणात सारं गणगोत जमलेलं, सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. कामिनी उतरून आईच्या गळ्यात पडली. शालिकरामांनी दाराची कडी ओढली. दार उघडेना. दुसऱ्या बाजूची ओढली. तेही उघडेना.

लहान लेकरांनी चालत्या गाडीचं दार उघडू नये म्हणून मागच्या दारांना एक कुलूप असतं. ते लागलं की दार आतून उघडतच नाही. केयूरने ते सांगितलं होतं. शालिकराम तेव्हा डिक्की मोजत होते.

ते काचेवर थापा मारू लागले. "अडकलो! दार अडकलं!"

रुपरावमामाजींनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला आणि घराकडे तोंड करून आवाज दिला,

"आणा वं ते सीट कव्हर बाहेर! आन सांगा त्याइले, लेदरचेच हायेत. मोठ्या गाडीच्या मापाचे!"