किशनरावांच्या समित्या

आमच्या गावात कुठल्याच समितीत नाही असा माणूस शोधून दाखवा. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळचं हे एवढंसं गाव, पण ग्रामसेवक किशनरावांनी कोणालाही सोडलं नव्हतं. मी किराणा दुकानात बसल्या बसल्या पाणी, वनं आणि तंटामुक्ती सांभाळायचो. म्हणजे सह्या करायचो.

दोन हजार सालानंतर वरून नुसती आदेशांची रीघ लागली होती. दर योजनेला नवी समिती, तीत इतक्या बायका, इतके शेतकरी, यादी आठ दिवसांत. किशनराव कागद घेऊन दुकानात हजर.

"सही करा शेठ. वरून आलंय."

"अहो, आपल्या गावात जंगल कुठंय?"

"समिती तर होऊ द्या. जंगलाचं पुढं पाहू."

मेंढरांमागे गेलेल्या सखूबाईला त्यांनी पार माळावर गाठलं आणि शिक्षण समितीची सदस्य करून आले. ग्रामसेवकानं मुख्यालयी राहावं, हाही आदेशच. बाकीचे हिंगोलीहून जीपनं ये-जा करायचे. हे मात्र बिऱ्हाड घेऊन गावात आले. आपला एकही कागद तालुक्याहून परत आला नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

मग महिलांच्या एका समितीचा आदेश आला. तीत एक परित्यक्ता, म्हणजे नवऱ्यानं टाकलेली बाई, हवीच होती. किशनराव पंधरा दिवस तो कागद खिशात घेऊन फिरले. गावात तशी एकच होती, त्यांची शोभा. दोन वर्षांपूर्वी माहेरी आली, तिला न्यायला कोणी फिरकलंच नाही. कोणी विचारलं की किशनराव सांगायचे, "जावई कामात हायेत. येऊन राहिलेत पुढच्या महिन्यात." आम्हीही मान डोलवायचो.

एके दिवशी ते दुकानात बसलेले असताना शोभाच आली.

"बाबा, कागद काहून थांबवला? माझं नाव टाका."

"पोरी, त्या रकान्यात..."

"मला म्हाईत हाय. घरात बसून तरी काय करून राहिले मी?"

ती गेली. किशनरावांनी माझ्याच गल्ल्यावर कागद पसरून तिचं नाव लिहिलं. पुढच्या 'प्रवर्ग' रकान्यात पेन बराच वेळ अडलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझी मुलगी'. मी उगीच तराजू पुसत बसलो.

कागद अर्थातच परत आला. लाल शाईत शेरा होता : 'प्रवर्ग चुकीचा. दुरुस्त करून फेरसादर करावे.'

किशनरावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बराबर लिहिलंय मी," म्हणाले, आणि तोच कागद तसाच पुन्हा पाठवून दिला.