बागूल अण्णांचं आठ बाय चार

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी लग्न कुणाचं ते बघतो. आमचे बागूल अण्णा आधी खिशातून टेप काढतात. पत्रिका आठ इंच लांब आणि चार इंच रुंद भरली, की ते आमंत्रण देणाऱ्याकडे मायेने बघतात आणि म्हणतात, "नक्की येणार." पत्रिका चौरस असली तरी येतात, पण पंगतीत गप्प बसतात.

जेल रोडला आमच्या समोरच्या दारात ते राहतात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात स्टोअरची नोकरी करून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, उंचीला चांगले. एकदा आमच्या रद्दीतल्या जुन्या पत्रिकासुद्धा त्यांनी मागून नेल्या. मी बायकोला, सविताला म्हटलं, या वयात अण्णा लग्नं जुळवण्याचा उद्योग करतात की काय, बघ जरा.

उलगडा झाला तो आमच्या फर्निचरच्या वेळी. स्वयंपाकघर, दोन कपाटं आणि एक पलंग करायचा होता. नामदेव मिस्त्री मूळचा कळवणकडचा. हाताला सफाई उत्तम, पण हिशेब सगळा तोंडी. दारातूनच घरावर नजर फिरवून तो म्हणाला, "चोवीस शीट लागतील, सर. एखांदं इकडंतिकडं." प्लायचं एक शीट म्हणजे आठ फूट बाय चार फूट, आणि मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या पगारात एखादं शीट इकडेतिकडे होत नाही.

अण्णा मागेच उभे होते. "अंदाज नको, आकडा बोला," म्हणाले, आणि घरी जाऊन पिशवीभर पत्रिका आणि कात्री घेऊन आले. एक इंच म्हणजे एक फूट, एक पत्रिका म्हणजे एक शीट. कपाटाची प्रत्येक बाजू, प्रत्येक फळी, प्रत्येक दार त्यांनी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आखलं, कापलं, आणि कमीत कमी वाया जाईल असं जुळवत जमिनीवर मांडलं. मे महिन्यात तीन तास पंखा बंद. सविताला स्वयंपाकघरातून बाहेर येता येईना, कारण उंबऱ्यापाशी आमच्या पलंगाचं डोकं पडलं होतं. "करवतसुद्धा खाते, सर," अण्णा मला समजावत होते. "तिचा घास धरला नाही तर शेवटची फळी बसत नाही."

मापं घेण्याआधी त्यांनी सविताला इतके प्रश्न विचारले की मला वाटलं, शिरगणती चालली आहे. रोजचा कुकर किती लिटरचा? पिठाचा डबा उभ्याने उघडता की बसून? मग तिला भिंतीशी उभं केलं. "हात वर करा, ताई." जमिनीपासून बोटांपर्यंत मोजून त्यातून तीन इंच वजा केले. "बोट टेकून उपयोग नाही, डबा धरता आला पाहिजे." माझ्या चौदा वर्षांच्या संसारात यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती.

आकडा आला एकोणीस. नामदेव हसला. "कागदाचं घर हाय ते, अण्णा. लाकूड कागदावानी ऐकत नाय." पण ऐकलं. एकोणीस शिटांत सगळं बसलं आणि उरलेल्या तुकड्यांतून चपलांची एक फळी निघाली. तेव्हापासून नामदेव नवीन कामावर आधी अण्णांना नेतो. सकाळी नऊला ते बाहेर पडतात, संध्याकाळी कुणाचं तरी स्वयंपाकघर बगलेत मारून परत येतात.

एकदा ते असेच बाहेर असताना मी त्यांची विसरलेली कात्री परत द्यायला गेलो आणि पहिल्यांदाच आत, ओट्यापर्यंत पोचलो. बघतो तर भिंतीला लोखंडी रॅक, ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा आणि निम्मे डबे जमिनीवर.

"काकू, हे काय? तुमचं स्वयंपाकघर?"

"होणारे की," शोभाकाकू म्हणाल्या. "एस्टिमेट चालू आहे."

"किती दिवस?"

"बारा वर्षं." मग म्हणाल्या, "वास्तुशांतीला बोलावलं की मी जाते हो सगळीकडे. पूजा सुरू असते तेव्हा हळूच यांनी आखलेली कपाटं उघडून बघते. दार किती अलगद लागतं. आपल्याही घरी एकदा असं लागावं, एवढंच."

मला अण्णांचा रागच आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काकूंनी बिस्किटांचा मोठा डबा पुढे केला. त्यात रबर लावून ठेवलेले पत्रिकांचे गठ्ठे होते, प्रत्येक गठ्ठा म्हणजे याच स्वयंपाकघराचं एकेक एस्टिमेट. सवयीप्रमाणे मी उंचीच्या रेषा वाचायला लागलो. वरच्या कप्प्याची उंची पहिल्या गठ्ठ्यात सहा फूट एक इंच होती. त्या पत्रिकेच्या छापील बाजूवर लग्न ज्यांचं, त्यांचा मुलगा आता माझ्या वर्गात पाचवीत आहे. पुढच्या गठ्ठ्यात सहा फूट. मग पाच-अकरा, पाच-नऊ. सर्वांत अलीकडच्या लग्नपत्रिकेमागे पाच फूट चार इंच. बाकीची मापं जिथल्या तिथे होती, कप्पा तेवढा खाली येत चालला होता.

"दरवर्षी दसऱ्याला मला भिंतीशी उभं करतात," काकू म्हणाल्या. "दोन्ही खांदे धरलेत ना माझे. हात डोक्याच्या वर जाता जाता थांबतो." त्या हसल्या.

संध्याकाळी जिन्यात अण्णांना गाठलं. ते बराच वेळ टेप बाहेर काढत आणि आत सोडत राहिले. "प्लाय एकदा ठोकला की तिथेच राहतो, सर," ते म्हणाले. "हिचा हात राहत नाही. यंदाच्या मापाने केलं, तर पुढच्या वर्षी रोज त्या कप्प्याकडे बघायचं आणि आपला हात पोचत नाही हे रोज कळायचं. त्यापेक्षा रॅक बरा." इतकी वर्षं मी या माणसाची चेष्टा केली याची मला लाज वाटली.

घरी येऊन सविताला सगळं सांगितलं. ती हळवी होईल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "ते ठीक आहे. पण कपाट हवंय काकूंना. त्यांना कुणी विचारलं?" आणि नामदेवचं दिंडोरीच्या एका बंगल्याचं काम सुरू व्हायच्या आत तिने त्याला अण्णांच्या घरात आणून उभं केलं.

नामदेवने नवा गठ्ठा बघितला आणि पेन्सिल कानावर ठेवली. "पाच-चारला वरचा कप्पा घेतला, तर कपाटाचा तळ पार ओट्यावर येतोय. काकूंचं डोकं रोज आपटंल."

"म्हणून तर थांबलोय," अण्णा म्हणाले.

"मग सहा फुटांवर घ्या," काकू मागून म्हणाल्या.

"तुझा हात तिथे जातो का?"

"माझा नाही जात. तुमचा किती जातो, ते मोजलंय कधी?"

बारा वर्षांच्या गठ्ठ्यांत ते माप कुठेच नव्हतं. काकूंनी त्यांच्या खिशातून टेप काढून नामदेवला दिला. "हात वर करा." अण्णा भिंतीशी उभे राहिले आणि त्यांनी मुकाट्याने हात वर केला. नामदेवने वाचलं, "सात फूट एक."

"पण डाळीचा डबा मला रोज लागतो," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही रोज कुणाच्या तरी घरी असता."

"नसेन," अण्णा म्हणाले. नामदेवने टेप गुंडाळला तरी त्यांचा हात वरच होता.

सात शिटांत स्वयंपाकघर झालं. परवा मेव्हण्याच्या नव्या घराची मापं घ्यायला अण्णांना न्यावं म्हणून सकाळीच त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यापाशी काकूंच्या मागे, वरच्या कपाटाच्या दारावर हात ठेवून उभे होते.

"बसा, सर," ते म्हणाले. "हिचा स्वयंपाक होऊ द्या, मग येतो."