सीट धरायची राहून गेली

पँटचं माप घ्यायचंय असं सांगून तपासनिसांनी लेकीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि टाचेपासून वर टेप धरली.

"बाबा, पँट कुठल्या रंगाची?" भिंगरीनं विचारलं.

"लाल," ते म्हणाले, कारण डोक्यात लाल सायकल होती.

ते इमारतींच्या लिफ्ट तपासायचे, म्हणून शेजारीपाजारी सगळे त्यांना तपासनीस म्हणत. बायकोसुद्धा चिडली की म्हणे. असा माणूस पोरीची पहिली सायकल काय उगाच उचलून आणणार? दुकानात त्यांनी प्रत्येक सायकल एका हातानं तोलली, कारण पडली तर पोरीला स्वतःला उभी करता आली पाहिजे. ब्रेक नुसत्या करंगळीनं दाबून पाहिले, कारण भिंगरीच्या बोटांत जोर तेवढाच. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतील ना, साखळीत पँट अडकणार नाही ना, सगळं पाहिलं. मागं एक गृहस्थ मुलासाठी वाढत्या अंगाची मोठी सायकल घेत होते. त्यांनाही समजावून लहान घ्यायला लावली.

"तुम्ही इथंच नोकरीला या," दुकानाच्या मालकीणबाई हसून म्हणाल्या.

पण तपासनिसांचा खरा जीव सायकलीत नव्हताच. तो होता सीटच्या मागच्या बाजूला. तिथं हात धरून वाकून पळायचं, पोरगी ओरडणार, "बाबा, सोडू नकोस," आणि मग एका क्षणी हळूच सोडून द्यायचं. याचा सराव त्यांनी ऑफिसच्या लांब बोळात चाकांची बॅग धरून केला होता. "पाठ धरली का हो?" असं दोघांतिघांनी काळजीनं विचारलंही होतं.

वाढदिवसाला पंधरवडा होता. घरात ठेवली तर भिंगरीला दिसणार आणि बायकोला सांगितलं तर भिंगरीला कळणार. बायकोच्या पोटात काही राहत नसे. म्हणून सायकल तळमजल्यावरच्या काकांच्या मागच्या खोलीत गेली. काका निवृत्त पोहण्याचे मास्तर. मुलांना पाण्यात ढकलण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

"कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही," तपासनिसांनी बजावलं.

"माझ्या तोंडून शब्द निघणार नाही," काका म्हणाले आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. घोटाळा त्यामुळेच झाला.

बायको एका औषधांच्या दुकानात होती. तिथं माल मोजायला सुरुवात झाली आणि तिला रोज उशीर होऊ लागला. सायकलीबद्दल काहीच माहीत नसल्यामुळे तिनं सरळ काकांना विचारलं, "शाळा सुटल्यावर भिंगरीला तुमच्याकडे बसवू का? तास-दीड तासाचा प्रश्न आहे." नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. काका हो म्हणाले. नवऱ्याला कशाला उगाच काळजी, म्हणून तिनं घरी काही सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी भिंगरी बाथरूम शोधत मागच्या खोलीत शिरली.

"काका! सायकल!"

"ती... ती तुझ्या बाबांची आहे," काका गडबडले.

"बाबा हिच्यावर मावेल तरी का?" असं म्हणून ती सीटवर बसलीसुद्धा. खाली उतर म्हटल्यावर तिनं असा गळा काढला, की काकांनी घाबरून एकच फेरी कबूल केली. मागच्या अंगणात त्यांनी तिला बसवलं, सवयीनं ढकललं आणि पोरगी निघाली. दोनदा पडली, तिसऱ्यांदा कुंपणापर्यंत गेली. चौथ्या दिवशी ती वळणं घेत होती. तिनं सायकलचं नाव 'टमाटी' ठेवलं.

"पण बाबांना सांगायचं नाही हं," काकांनी बजावलं. "त्यांना गंमत करायचीय."

"मी नाही सांगणार. त्याला वाईट वाटेल," भिंगरी म्हणाली. आईसारखं तिचं पोट नव्हतं.

वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना तपासनीस सायकल पाहायला आले. टायरला माती, घंटीवर ओरखडा, सीट बोटभर वर. त्यांचा चेहरा उतरला.

"काका, ही अशीच होती?"

"दार बंदच असतं हो," काका भिंतीकडे बघत म्हणाले. हे खोटं नव्हतं. अंगणात जाताना ते दार लावूनच जात.

तपासनिसांनी हिशेब लावला. काका विश्वासू, खोली बंद. म्हणजे दुकानानंच वापरलेली सायकल पुसून गळ्यात मारली. नेताना आपल्या नजरेला हे कसं दिसलं नाही, याचा राग त्यांनी दुकानावर काढला.

"माती बघा! ओरखडा बघा! लाज नाही वाटत?" भर गर्दीत ते ओरडले.

मालकीणबाईंनी घंटीवरून अंगठा फिरवला. "साहेब, माझ्या दुकानातून अशी सायकल गेलेली नाही. तरी तुमचं मन खट्टू झालंय, तर बदलून न्या. लाल मात्र संपल्या. निळी चालेल?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्याच नाहीत. तपासनीस विजयी मुद्रेनं निळी घेऊन आले.

ती पाहून काकांना घाम फुटला. "लालच बरी होती हो."

"का?"

"नाही... लांबून दिसते."

वाढदिवसाच्या सकाळी सगळे अंगणात जमले. तपासनिसांनी कंबर दोनदा वाकवून घेतली आणि सायकलीवरची चादर ओढली. भिंगरीनं 'अय्या' म्हणायला तोंड उघडलं होतं, तसंच उघडं राहिलं.

"टमाटी कुठंय?"

"कोण टमाटी?"

"माझी लाल सायकल! मी तिच्यावरच शिकले ना!" आणि ती ढसाढसा रडू लागली.

बायकोनं काकांकडे पाहिलं, काकांनी आपल्या चपलांकडे. मग सगळं तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. तपासनीस कुणावरच चिडले नाहीत. ते हळूच पायरीवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे येते तिला?"

"मासोळीसारखी," काका म्हणाले आणि लगेच त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं.

दुपारी तपासनीस दुकानात गेले. लाल सायकल आदल्या दिवशीच कमी किमतीत कुणी घेऊन गेलं होतं. "माफ करा," एवढंच त्यांना म्हणता आलं. मालकीणबाईंनी मान हलवली. पण नोकरीला या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी भिंगरी आपणहून खाली आली. तिनं निळी सायकल बाहेर काढली आणि बाबांचा हात ओढून सीटवर ठेवला.

"बाबा, मला येत नाही. धर."

नाटक अगदीच कच्चं होतं. ती मुद्दाम डुलत होती आणि अधूनमधून "अगंबाई" म्हणत होती. तपासनीस वाकून पळत होते. पाठ दुखत होती, दम लागला होता आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

"बाबा, आता सोड."

ते पळतच राहिले.

"बाबा, सोड ना! मला पुढे जायचंय!"

"अहो, सोडा तिला!" पायरीवरून काका ओरडले. "मी पहिल्याच दिवशी सोडली होती!"

बोळातल्या सरावात बॅग कधी सोडावी लागली नव्हती. तपासनिसांनी एकेक बोट काढल्यासारखा हात उचलला. त्याबरोबर सायकलीचं डुलणं थांबलं, भिंगरी ताठ बसली आणि सरळ रेषेत निघाली. आता ती वळून बघेल, म्हणून त्यांनी हात वर करून ठेवला होता.

ती कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"मागे बघायचं नाही, तोल जातो," काका अभिमानानं म्हणाले. "हे मी तिला सगळ्यात आधी शिकवलं."