प्लायवूडपलीकडची मैत्रीण

माणसाला माणसाशी समोरासमोर बोलावं लागू नये, यासाठीच मानवजातीने आजवर बरेचसे शोध लावले आहेत. आधी टपाल आलं, मग तार आली, मग टेलिफोन आला. टेलिफोनमध्ये एक मोठाच दोष राहून गेला होता, तो म्हणजे पलीकडच्याचा आवाज ऐकू यायचा. सदर दोष केज शहरात दोन हजार सात साली बंकटच्या नेट कॅफेत कायमचा दूर झाला.

कॅफे म्हणजे पूर्वीचा एसटीडी बूथ. मोबाईल आले तसा बूथ बसला. मग बंकटनं सहा कॉम्प्युटर आणले, मधे प्लायवूडचे आडोसे ठोकले आणि दारावर ‘जगाशी संपर्क’ अशी पाटी लावली. (जगात केज धरलेलं नव्हतं.) आडोशाच्या वरून शेजारच्याचं डोकं दिसत नसे, खालून चपला मात्र दिसत.

संगमेश्वर हा युसूफ वडगाव या गावच्या शंकरप्पा किराणावाल्यांचा मुलगा. रोज एसटीनं केजला येऊन बी.कॉम.चं दुसरं वर्ष करायचा. वर्गात पुढच्या बाकावर रुद्राणी बसायची, कापडवाल्या विश्वेश्वरअप्पांची लेक. संगमेश्वरचा तिच्यावर जीव जडला होता. लपवण्यात काय अर्थ आहे, पार जडला होता. ती गैरहजर असली की त्याला जमाखर्चाचा तास घशाखाली उतरत नसे.

जीव जडला तर जाऊन बोलावं, असं एखाद्या अडाण्याला वाटेल. पण महाविद्यालयीन संभाषणाचे काही अलिखित नियम होते. मुलीशी एकदा बोलला तो ओळखीचा. दोनदा बोलला तो चांगल्या घरचा. तिसऱ्यांदा बोलला की श्रावणात त्याच्या मनगटाला राखी. त्यामुळे राखीपौर्णिमेच्या आसपास मुलांची हजेरी दरवर्षी धाडकन खाली यायची. प्राचार्यांनी यावर एक समिती नेमली होती. समितीनं सखोल चौकशीअंती ‘साथीचा ताप’ असं कारण नमूद केलं. (अध्यक्षांनी विद्यार्थीदशेत स्वतः सात राख्या सोसल्या होत्या.)

ऑर्कुट नावाच्या मैत्रीच्या साइटवर हा धोका नव्हता, कारण तिथं मनगटच नव्हतं. संगमेश्वरचे तिथं चारशेच्या वर मित्र झाले. त्यातला एक ब्राझीलचा होता आणि न चुकता फुलांचं चित्र पाठवायचा. आसारामही होता. आसाराम आणि संगमेश्वर एका एसटीनं यायचे, एका बाकावर बसायचे, पण बोलणं कॅफेसाठी राखून ठेवायचे. तिथं गेल्यावर आसाराम लिहायचा, “काय करायलास बे?” हा उत्तर द्यायचा, “तुला लिहायलोय.” मैत्री घट्ट होती.

रुद्राणीशीही रोज लिहिणं चाले. नेटवर ‘तू’, समोर आली तर ‘तुमी’, आणि तेही आजवर दोनदाच, ‘जरा सरकता का’ एवढंच. दोघं बहुतेक शेजारशेजारच्याच आडोशात बसत, कारण बंकटकडे सगळी बटणं चालणारे कीबोर्ड दोनच होते. आसारामच्या म्हणण्याप्रमाणे अलीकडून निघालेला मजकूर अमेरिकेला जाऊन मग पलीकडे यायचा. तोंडानं बोललं असतं तर हातभर अंतरात काम झालं असतं, पण त्याला काय वजन राहिलं असतं?

आणि एका शुक्रवारी पलीकडून, व्हाया अमेरिका, मजकूर आला: “रविवारी लातूरचे पाव्हणे मला बघायला यायलेत. अप्पा म्हणाले, मनात कुणी असंल तर आत्ताच सांग, मागून न्हाई. काय सांगू?”

खरं तर अडचण काहीच नव्हती. जात एक, सोयरीक जुळण्यासारखी, दोघांचे बाप दर सोमवारी देवळाबाहेर एका बाकड्यावर चहा प्यायचे. विश्वेश्वरअप्पांचा स्वभावही असा, की लेकीनं नाव काढायचा अवकाश, हसतहसत शंकरप्पांकडे आले असते. पोराचा एक शब्द पुरे होता.

त्यानं तो लिहायला घेतला. ‘माझं नाव सांग’ असं लिहिलं. फारच कोरडं वाटलं म्हणून पुसलं. मग एक गुलाब जोडायचं ठरलं. गुलाब चमचमता असल्यानं उघडायला वेळ घेऊ लागला. दरम्यान त्यानं दुसऱ्या आडोशातल्या आसारामकडे लेखी सल्ला मागितला. आसारामनं कळवलं, की अशा कामी आधी प्रोफाइलचा फोटो बदलावा, गॉगलवाला लावावा. तो शोधता शोधता लाईट गेली.

(भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून येई. लाईट ती वेळ सोडून इतर वेळी जाई.)

बंकटच्या इन्व्हर्टरवर फक्त बंकटचा पंखा चालायचा. पडदे काळे झाले, यंत्रांची घरघर थांबली आणि त्या खोलीत माणसं आहेत हे पहिल्यांदाच ऐकू आलं. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली.

“लाईट गेली का?” प्लायवूडपलीकडून आवाज आला. मग थोडं थांबून, हळू, “काय लिहायलते तुमी?”

संगमेश्वरनं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले, म्हणजे चपला दिसू नयेत. त्याच्या लेखी मुद्दा सरळ होता. लाईट नाही म्हणजे तो नेटवर नाही, आणि नेटवर नसलेल्यानं उत्तर देणं रीतीला धरून नव्हतं. शिवाय बोलून गेला तर? ही तिसरी वेळ धरली तर? श्रावण लांब होता, पण तो येतोच.

कॅफेतली सगळी गिऱ्हाइकं कान टवकारून बसली. शेवटी बंकटला राहवलं नाही. “बे संगमेश्वर,” तो गल्ल्यावरून म्हणाला, “पोरगी इचारायली ना तुला. सांगून टाक की काय ते.”

संगमेश्वरनं घसा खाकरला.

“लाईट आल्यावर सांगतो,” तो म्हणाला. तेही बंकटला.

पलीकडे खुर्ची मागं सरकली आणि चपला दाराकडे निघाल्या. “लाईटीचं काय खरं हाय, बंकटदादा,” असं म्हणून रुद्राणी उन्हात उतरली.

लाईट संध्याकाळी आली. संगमेश्वरनं शेवटची एसटी सोडली, पण काम पूर्ण केलं: फोटो, गुलाब आणि खाली ‘माझं नाव सांग’. मजकूर व्यवस्थित अमेरिकेला गेला. बघायला येणारे पाहुणे उद्यावर आले की मुलीला कॅफेत पाठवत नसतात, ही माहिती त्याला कुठल्याच साइटवर मिळाली नव्हती. रविवारी लातूरकरांनी पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली आणि तिथंच सुपारी फुटली. त्यांच्या मुलानं म्हणे तिला समोर बसवून विचारलं, “तुमाला काय आवडतं?” इतक्या जुनाट वळणाचा मुलगा विश्वेश्वरअप्पांना आवडला, याला काय म्हणावं?

संगमेश्वर रडला. थट्टा बाजूला ठेवू, खरंच रडला, परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून. शेजारच्या सीटवर आसाराम होता. त्याला सगळं दिसत होतं. त्यानं सांत्वन दुसऱ्या दिवशी कॅफेतून केलं. ब्राझीलवाल्यानं फुलं पाठवली.

आता वाचकाला वाटेल, काय हे खुळं पोरगं! हातभर अंतरावर माणूस, एक शब्द बोलायचा, तेवढाही निघू नये? अगदी रास्त आहे. तर अशा शहाण्या वाचकानं हे वाचन इथंच थांबवावं, आणि ज्या माणसाला इतकी वर्षं काहीतरी सांगायचं राहून गेलंय, त्याच्यासमोर जाऊन ते सांगून यावं. बहुतेक तो पलीकडच्या खोलीतच असेल.

उठलात? नाही ना. ही गोष्टच त्याला पाठवून द्यावी, म्हणजे तो काय ते समजून घेईल, असं आत्ता तुमच्या मनात आलं.