बंद खोलीतली आत्या

अडतिसावी उत्तरपत्रिकाही नापास झाली, तेव्हा सरांनी लाल पेन खाली ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

जुन्या भयकथा आणि भयकविता हा सरांचा विषय. वर्गात ते ओसाड वाडे, विझत्या मेणबत्त्या आणि आपोआप उघडणारी दारं अशी काही रंगवून सांगत की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकत. खरं म्हणजे सर स्वतः एक नंबरचे भित्रे होते. कविता छोट्या असतात, त्या ते कशाबशा उरकत. कादंबरी मात्र झेपत नसे. म्हणून सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सर कपड्यांना इस्त्री करत आणि बायको त्यांना कादंबरी मोठ्याने वाचून दाखवी. त्यांच्याच वर्गात शिकणारी त्यांची मुलगी तिथेच टेबलाशी गणितं सोडवत बसे.

यंदाच्या कादंबरीत डोंगरावरचं एक घर होतं, घराच्या वरच्या मजल्यावर कायम कुलूप लावलेली खोली होती आणि त्या खोलीत खुर्ची करकरल्याचा आवाज येई. आकलन चाचणी पन्नास गुणांची, पास व्हायला निम्मे गुण हवेत, आणि त्यातला तीस गुणांचा प्रश्न सरांनी त्या खोलीवरच काढला होता. 'बंद खोलीत कोण होते, ते सकारण लिहा.' सरांच्या आदर्श उत्तरात लिहिलं होतं की खोलीत मालकाची धाकटी आत्या होती, ती हवापालटाला आली होती आणि शेवटी खडखडीत बरी होऊन घरी गेली.

मुलांनी लिहिलं होतं, मालकाच्या आईचं प्रेत. अकरा वर्षं खुर्चीत बसवलेलं.

"अडतीस प्रेतं!" सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच ओरडले. "एकालाही आत्या सुचू नये?"

तीन वर्षं सर हंगामी होते. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे कळवणारं पत्र मुख्याध्यापिका शुक्रवारी संस्थेला पाठवणार होत्या आणि सोबत या चाचणीचा निकाल जोडणार होत्या. अख्खा वर्ग नापास म्हणजे नोकरीवर पाणी. पण सगळ्यांचं उत्तर एकच कसं? कॉपी! तसं असेल तर दोष मुलांचा. बुडत्याला काडीचा आधार मिळाला आणि सर गठ्ठा उचलून मुख्याध्यापिकांकडे धावले.

"मॅडम, सामुदायिक कॉपी झालीय. एकच पेपर प्रामाणिक आहे. पन्नासपैकी पन्नास!"

मॅडमनी चष्मा वर करून तो पेपर पाहिला. "ही तुमची मुलगी ना?"

"हो!" सर अभिमानाने म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांनी पेपर परत घ्यायला हात पुढे केला.

"म्हणजे अडतीस मुलं नापास, पेपर तुम्ही काढलेला, आणि पैकीच्या पैकी तुमच्याच घरात?"

"नाही हो मॅडम! म्हणजे, घरात हो, पण तसं नाही!"

मुलीला वर्गातून बोलावलं गेलं. प्रश्नपत्रिका आधी पाहिली नव्हती, असं तिने शांतपणे सांगितलं. मग ही आत्या आणली कुठून? "आईकडून." सरांनी बायकोला फोन लावून तो टेबलावर ठेवला.

"अगं, त्या बंद खोलीत आत्याच होती ना?"

"अहो, कुठली आत्या? आई होती. मेलेली."

"मग मला आत्या का सांगितलीस?"

"मग काय करू? माळ्यावरची गादी काढायची तर तुम्ही मला पुढे करता. प्रेत सांगितलं असतं तर महिनाभर दिवे लावून झोपला असतात. तुम्ही पेपरात विचाराल, हे मला काय माहीत?"

सरांनी फोन घाईघाईने बंद केला. मॅडमनी कादंबरी त्यांच्यापुढे सरकवली. "शेवटचं पान वाचा. सोक्षमोक्ष लागू दे."

सरांनी पुस्तक परत सरकवलं. "आपणच वाचा मॅडम. आपला अधिकार मोठा."

"विषय तुमचा आहे." पुस्तक पुन्हा सरांकडे आलं. असं ते तीनदा टेबलभर फिरलं, तेव्हा सरांची नजर गठ्ठ्यातल्या आपल्या आदर्श उत्तरावर पडली. खाली मॅडमची ठसठशीत सही होती आणि सहीवर शेरा होता, 'मूळ पुस्तकाशी ताडून पाहिले.'

"मॅडम, ही सही..."

मॅडमना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

शेवटी मुलीनेच पुस्तक उघडलं आणि बाजाराची यादी वाचावी तसं शेवटचं पान वाचून काढलं. खुर्ची वळली, पदर सरकला, त्याखाली हाडं होती. मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली. सरांनी खिडकीबाहेरच्या सायकली मोजल्या.

"तू हे आधी वाचलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

"तीनदा."

"मग पेपरात आत्या का लिहिलीस?"

"बाबाच वर्गात सांगतात, उत्तर लिहिताना पेपर कोण तपासणार आहे ते लक्षात ठेवावं." तिने पुस्तक मिटलं. "मला वाटलं, बाकीचेही त्यांना सांभाळून घेतील."

मॅडमनी आदर्श उत्तराचा कागद घडी करून खणात टाकला आणि कुलूप लावलं. "पेपर पुन्हा तपासा. शुक्रवारच्या पत्रात एवढं सगळं लिहायची गरज नाही. निकाल चांगला आला की झालं."

निकाल उत्तम लागला. अडतीस मुलं पास झाली आणि एक नापास. सरांनी घरच्या माणसाला झुकतं माप दिलं, असं म्हणायची आता कुणाची टाप नव्हती. सर कायम झाले.

नापास पेपरावर पालकांची सही लागते, म्हणून मुलीने तो घरी आणला. इस्त्री बाजूला ठेवून सरांनी सही केली. मग खिशातून लाल पेन काढलं आणि वीस गुणांच्या खाली, आपल्याच आधीच्या 'शाबास' या शेऱ्यावर काट मारून, नवा शेरा लिहिला : 'उत्तर चूक. आकलन पूर्ण.'